आता तू

तंबू दोघांसाठी आहे, असं पिशवीवर छापलंय.
ते दोघं कोण, हे कारखान्याला काय ठाऊक.
खिंडीखाली, भूर्जांची शेवटची रांग संपते तिथे
मी आणि प्रिदोन, माझा धाकटा भाऊ,
ज्याच्याशी सहा वर्षांत मी एक वाक्य सरळ बोललो नाही.

हिमप्रपातांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत
नातेला बाईंनी आमची नावं एकाखाली एक लिहिली.
"इंगुरीच्या वरच्या अंगाला बर्फ मोजायचाय.
बाकीचे तापाने पडलेत," म्हणाल्या,
आणि यादीवरून मान वर केली नाही.

चढताना ठीक होतं. स्कीच्या तळाला कातडी बांधलेली,
पाऊल पुढे सरकतं, मागे घसरत नाही.
त्याच्याच रेघांतून चालायचं.
पाठीशी बोलावं लागत नाही.
दुपारी खिंड दिसेनाशी झाली.
मग त्याची पाठ. मग माझे हात.

वादळ तंबू उडवत नाही, पुरतं.
हे ज्याला कळलं नाही तो वसंतात सापडतो.
म्हणून दर दोन तासांनी एकाने उठायचं,
गोठून पत्रा झालेले बूट चढवायचे,
फावड्याने भिंतींवरचा बर्फ ओढायचा
आणि सरपटत आत येऊन म्हणायचं: आता तू.

पहिल्या रात्री आम्ही एवढंच बोललो.
आता तू.
आता तू.
सहा वर्षांच्या मानाने पुष्कळच.

दुसऱ्या दिवशी स्टोव्ह रुसला.
प्रिदोन गॅसचं नळकांडं काखेत धरून बसला,
खुडुक कोंबडीसारखा.
मी हसणार होतो. हसलो नाही.
भांडंभर बर्फ, वितळून वाटीभर पाणी.
पाव दगड झालेला, दातांनी खरवडला,
वर आमच्याकडचं मसाल्याचं मीठ, लसणाच्या वासाचं.
तो वास तंबूभर झाला
आणि घर, कुणी न बोलावता, मधे येऊन बसलं.

तिसऱ्या दिवशी तासभर उघडलं.
आलोय तर काम करायलाच हवं.
छातीएवढा खड्डा खणला.
बर्फाची भिंत वाचता येते, वरून खाली:
हा कालचा, पिसांचा.
हा जानेवारीच्या वाऱ्याने थापलेला, सुरी वाजते त्यावर.
आणि पार तळाशी नोव्हेंबर,
दोन बोटं जाड, साखरेसारखा सुटा,
मुठीत कितीही दाबा, गोळा होत नाही.
सगळा उतार त्याच्यावर बसलेला.

प्रिदोनने ते दाणे हातमोज्यावर घेतले.
"त्या वर्षी पण हाच होता."
कुठल्या वर्षी, मी विचारलं नाही.
रस्ता बंद होता, हा पलीकडच्या खोऱ्यात,
आणि वडिलांना चौथा खांदा
शेजारच्या पोराने दिला.
तो चौथा खांदा मी जपून ठेवला होता.

"निघालो होतो मी. रात्रीच, एकटा.
त्या खडकापर्यंत आलो. मग उतार
आतून हुंकारला. मोठं जनावर कूस बदलतं तसा.
एकदाच. इथून पार तिथवर भेग गेली.
वळलो."
फावडं उगाच पुसत राहिला.
"वळलो, हे सांगायचं कसं."

मी खडकाकडे पाहिलं.
तो खिंडीच्या अलीकडे आहे. आमच्या बाजूला.
म्हणजे गाव दिसत असणार त्याला,
जागरणाचे दिवे,
आमच्या अंगणातली माणसं, मुंग्यांएवढी.

वहीत मी लिहिलं: तळाचा थर कमकुवत. वर जाऊ नये.
लिहिता लिहिता ढग परत उतरले.

रात्री दोनला त्याची पाळी होती.
तोंड उघडं टाकून झोपला होता, लहानपणी झोपायचा तसा,
मिशीत बर्फाची कणी.
मी त्याचे बूट बाजूला सारले, माझे चढवले.

आत आलो तर जागा.
"उठवलं का नाहीस?"
"फार नव्हता," म्हणालो.
कमरेएवढा होता.